कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सीझन: दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दरवर्षी कॉलेज उघडलं की जिमखान्याच्या दारात आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून या वेळी सगळं एका ठिकाणी लिहून काढलंय. मी टीवायला (तिसऱ्या वर्षाला) आहे, मुलींच्या टीममध्ये डिफेन्सला खेळते आणि दोन्ही टीमचं मॅनेजरचं काम बघते, म्हणजे फॉर्म, आयडी, बिब्स, फर्स्ट एडची बॅग, सगळं. एफवायवाल्यांनी (पहिल्या वर्षाच्या) पूर्ण वाचा. आईबाबांचे प्रश्न खाली आहेत, त्यांना तेवढंच दाखवलं तरी चालेल.

सीझन नक्की कधी असतो?

कॉलेज सुरू झालं की लगेच ट्रायल्स, मग पावसाळाभर प्रॅक्टिस, आणि युनिव्हर्सिटीच्या इंटरकॉलेजिएट मॅचेस साधारण ऑगस्टपासून पुढे. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात कारण पाऊस आहे, गणपती आहे, परीक्षा आहेत, ग्राउंड मिळणं न मिळणं आहे. परिपत्रक आलं की जिमखान्याच्या बोर्डवर लागतं आणि ग्रुपवर फोटो टाकते. इंटरकॉलेजिएट झाल्यावर त्यातून युनिव्हर्सिटीची टीम निवडतात आणि ती पुढे वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिम विभागातल्या युनिव्हर्सिटींच्या स्पर्धेला जाते. बाकीच्यांसाठी दिवाळीनंतर वेगवेगळ्या कॉलेजांच्या फेस्टमधल्या फाइव्ह-अ-साइड, सेव्हन-अ-साइड असतात, त्या फेब्रुवारीपर्यंत चालतात, मजा येते, पण आपण ज्याच्यासाठी घाम गाळतो ती इंटरकॉलेजिएट.

एक मॅच हरलो की सीझन संपतो, हे खरंय?

हो, खरंय. मॅचेस नॉकआउट असतात, लीग नाही, पॉइंट टेबल नाही, पुढच्या मॅचला भरून काढू असा प्रकारच नाही. मुंबई युनिव्हर्सिटीखाली मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात, शेकडो कॉलेजेस आहेत, एवढ्या टीम्सची लीग खेळवायची तर वर्ष पुरणार नाही. त्यामुळे असंही होऊ शकतं की तीन महिने पहाटे उठून प्रॅक्टिस केली आणि एका तासाच्या मॅचमध्ये विषय संपला. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. ट्रायल्सच्या आधीच कळलेलं बरं, कारण खूप जणांना वाटतं टीममध्ये आलो म्हणजे दर आठवड्याला मॅच आणि जर्सीतले फोटो, आणि मग जुलैच्या चिखलात फक्त धावायला लावलं की दोन आठवड्यात गायब होतात. आपल्या टीमचा सीझन बराचसा प्रॅक्टिसमध्येच जातो, आणि मॅचमध्ये जे दिसतं ते तिथेच तयार झालेलं असतं. ज्यांना सकाळचं खेळणं आवडतं ते टिकतात, तीन वर्षांत मी हेच बघितलंय.

मागच्या सीझनला काय झालं होतं?

मुलांची टीम पहिल्या दोन मॅच आरामात जिंकली, तिसरी बरोबरीत सुटली आणि टायब्रेकरवर गेली. पाच-पाच पेनल्टी झाल्या, तरी बरोबरी, मग सडन डेथ (एक-एक पेनल्टी, एकाने मारली आणि दुसऱ्याने चुकवली की संपलं), आणि तिथे आपली एक पोस्टला लागून बाहेर आली. ज्याची पेनल्टी होती तो सेंटरच्या जवळ तसाच गुडघ्यावर बसला होता, सगळ्यात आधी आपला कीपर धावत त्याच्याकडे गेला आणि त्याला हाताला धरून उठवलं, मग अख्खी टीम गेली. त्याला कोणीही एक शब्द बोललं नाही, ना तेव्हा, ना नंतर ग्रुपवर. या टीमचा मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर याचा. त्या मॅचपासून प्रॅक्टिसचा शेवट पेनल्टीने होतो, आणि मुद्दाम शेवटी, पाय थकलेले असताना, कारण टायब्रेकर मॅचच्या शेवटीच येतो. बॉल ठेवायचा, कोपरा आधीच ठरवायचा, कीपरकडे बघून बदलायचा नाही. ११ मीटर लांबून ७.३२ मीटर रुंदीचा गोल खूप मोठा वाटतो, पण दम लागलेला असताना तोच एकदम छोटा होतो.

मुलींची टीम पहिल्याच मॅचला हरली, ०-१. पण त्याच्या आदल्या वर्षी आम्हाला टीमच उतरवता आली नव्हती, त्यामुळे मला ती मॅच भारी वाटते.

ट्रायल्सला काय बघतात? मला ट्रिक्स येत नाहीत.

ट्रिक्स कोणीच बघत नाही. सर बघतात की पास आला तर पहिला टच कुठे जातो, बॉल नसताना तुम्ही उभे राहता की जागा बदलता, बॉल गेला तर मागे धावत येता का, आणि ज्याने चुकीचा पास दिला त्याच्यावर ओरडता का. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. दोन दिवस ट्रायल्स असतात, पहिल्या दिवशी नर्व्हस असाल तर दुसऱ्या दिवशी या, सर दोन्ही दिवसांचं मिळून ठरवतात. कीपर असाल तर ग्लोव्हज घेऊन या आणि आल्या आल्या सांगा, कीपर नेहमी कमी पडतात.

अकरावी-बारावीवाले येऊ शकतात का?

प्रॅक्टिसला या, बिनधास्त. पण युनिव्हर्सिटीच्या मॅचेस डिग्रीवाल्यांच्या असतात, ज्युनियर कॉलेजची मुलं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या स्पर्धेत खेळतात, ज्याला सगळे डीएसओ म्हणतात, तिथे वयोगटाप्रमाणे टीम असते, अंडर-१९ वगैरे. त्याचे फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या. बारावीनंतर याच कॉलेजला राहिलात तर तुम्हाला सर आधीपासून ओळखत असतील, हा फायदा आहेच.

मी फक्त टर्फवर खेळलोय, मोठ्या ग्राउंडवर जमेल का?

जमेल, पण पहिला महिना जड जाईल हे धरून चाला. आता आपल्याकडे येणारी निम्म्याहून जास्त मुलं टर्फवरचीच असतात, सोसायटीतले मित्र मिळून तासाचे पैसे काढायचे आणि रात्री अकराला खेळायचं, मुंबईत मोकळं ग्राउंड कुठे आहे दुसरं. टर्फवाल्यांचा टच चांगला असतो, छोट्या जागेत बॉल सुटत नाही, हे मी मनापासून सांगते. पण तिथे जाळी असते, बॉल बाहेर जात नाही, ऑफसाइड (पास येताना समोरच्या डिफेन्सच्या मागे उभं असणं) नसतो, गोल छोटा असतो आणि दहा पावलांत तुम्ही एका टोकाहून दुसऱ्या टोकाला असता. मोठं ग्राउंड शंभर मीटरच्या आसपास लांब असतं. विंगवरून एकदा वर जाऊन परत मागे आलात की कळतं.

पहिल्या महिन्यात तीन गोष्टी शिकाव्या लागतात. ऑफसाइड लाइन, म्हणजे डिफेन्सने एकत्र वर यायचं आणि एकत्र खाली जायचं, एक जण जरी मागे राहिला तरी समोरचा फॉरवर्ड ऑनसाइड होतो आणि मग मागून कितीही हात वर करा. लांब पास, हवेतला, कारण टर्फवर हवेत बॉल मारायची सवयच नसते. आणि थ्रो-इन. हसू नका, दरवर्षी एफवायच्या मुलांचे दोन-तीन फाउल थ्रो होतात आणि फुकटात बॉल समोरच्या टीमला जातो. दोन्ही हातांनी, बॉल डोक्याच्या मागून पुढे, आणि टाकताना दोन्ही पाय जमिनीला लागलेले, लाइनवर किंवा लाइनच्या बाहेर. मागचा पाय उचलला जातो तिथेच घोळ होतो, म्हणून आम्ही मागच्या पायाचा अंगठा घासत न्यायला शिकवतो, तसं केलं की तो उचललाच जात नाही.

बूट कुठले घ्यायचे?

महागडे घेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानावर चिखल असतो, तिथे जरा लांब स्टड लागतात, आणि ऑक्टोबरनंतर तीच जमीन दगडासारखी होते, तिथे लांब स्टडने तळपाय दुखतात. कूपरेजसारख्या (चर्चगेटजवळचं फुटबॉलचं ग्राउंड) आर्टिफिशियल टर्फवर आखूड आणि जास्त स्टडवाले बरे, तिथे लोखंडी टोकाचे चालत नाहीत. एकच जोडी परवडत असेल तर साधे फर्म ग्राउंडवाले, मोल्डेड स्टडचे घ्या. नवीन बूट थेट मॅचला घालू नका, आधी आठवडाभर प्रॅक्टिसला घाला नाहीतर टाचेला फोड येणारच. भिजलेले बूट वाळवताना आतला सोल काढा, पेपरचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा, बोळे ओले झाले की बदला. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलेत तर गोंद सुटतो आणि पुढून तोंड उघडतं. शिन गार्ड कंपलसरी आहेत, प्रॅक्टिसलाही.

प्रॅक्टिस कुठे असते? दरवेळी ग्राउंड का बदलतं?

कारण आपलं स्वतःचं ग्राउंड नाहीये. मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांकडे नाही, असलंच तर अर्ध्या भागावर पार्किंग. त्यामुळे जे मिळेल ते, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कधी ओव्हल, कधी दुसऱ्या कॉलेजशी बोलून त्यांच्याकडे. पावसाळ्यात तरी क्रिकेटवाले नसतील असं वाटतं ना, पण मुंबईत तेही होत नाही, १९४८ ला सुरू झालेली क्रिकेटची डॉ. कांगा लीग पावसाळ्यात खेळली जाते. त्यांच्याशी भांडायचं काही कारण नाही, मैदान सगळ्यांचं आहे, फक्त आपल्याला लवकर पोचावं लागतं. साडेसहा म्हणजे साडेसहाला बूट घालून तयार, सव्वासातला नाही. आणि क्रिकेटच्या पीचच्या बाजूला लावलेली दोरी ओलांडून कोणी जायचं नाही, ग्राउंड्समननी रोलर फिरवून तयार केलेल्या पीचवर स्टड घालून गेलात तर उद्यापासून आपल्याला तिथे उभं करणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गोलपोस्ट नसतील तर कोन ठेवून खेळतो. सर म्हणतात जागा अर्धी मिळाली तर अर्ध्या जागेतली प्रॅक्टिस करू, पासिंग, प्रेसिंग, कॉर्नर. पूर्ण ग्राउंड मिळतं त्या दिवशी फक्त शेप आणि लांब पास, तो दिवस कोणी चुकवू नका.

मी विरारला / डोंबिवलीला राहतो, साडेसहाला कसा पोचणार?

आपल्या टीममधले निम्मे जण तिकडूनच येतात. पहाटेच्या लोकलला गर्दी नसते, बसायला मिळतं, झोप तिथेच पूर्ण करा. किटबॅग वर रॅकवर टाकलीत तर उतरताना आठवणीने घ्या, बूट लोकलमध्ये राहिले असं दरवर्षी कोणाचं तरी होतं. एकाच लाइनवरचे असाल तर एकाच डब्यात भेटा, एकटं उठणं कठीण, कोणीतरी वाट बघतंय म्हटलं की उठतोच माणूस. लाइन बंद पडली तर ग्रुपवर टाका, त्यासाठी कोणी ओरडत नाही. न सांगता न येणं मात्र चालत नाही.

पाऊस असला तरी प्रॅक्टिस असते? आणि लेप्टोचं काय?

पाऊस असला तरी असते. विजा असतील तर नसते. नियम साधा आहे, वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला की ग्राउंड सोडायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. झाडाखाली उभं राहायचं नाही, इमारतीत जायचं. मुंबईत हे जास्त करून जूनच्या सुरुवातीला आणि पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये होतं, मधले दोन महिने नुसता मुसळधार.

लेप्टोबद्दल मात्र मी फार स्ट्रिक्ट आहे आणि राहणार. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या किंवा इतर प्राण्यांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होतो, जंतू जखमेतून शरीरात जातात, आणि फुटबॉलवाल्यांच्या पायांवर जखम नसते असा दिवस नसतो. तर, पाय खरचटलेला असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावल्याशिवाय चिखलात उतरायचं नाही. प्रॅक्टिस झाली की साबणाने पाय धुवायचे, फक्त नळाखाली धरायचे नाहीत. आणि येताजाताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर डॉक्टरांकडे किंवा जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीचं विचारायचं, बीएमसी दर पावसाळ्यात सांगते की ७२ तासांच्या आत जा. गोळी स्वतःच्या मनाने मेडिकलमधून घेऊ नका. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर व्हायरल असेल म्हणून घरी पडून राहू नका, डॉक्टरांना सांगा की मी मैदानावर चिखलात खेळतो. हे एक वाक्य सांगितलंत तर त्यांना योग्य टेस्ट लगेच करता येते.

अटेंडन्सचं काय होतं?

७५ टक्क्यांचा नियम तुम्हालाही आहे. प्रॅक्टिस सकाळी असते ती लेक्चर बुडू नयेत म्हणूनच. ऑफिशियल मॅचच्या दिवसाचं पत्र जिमखान्यातून मिळतं, ते त्याच आठवड्यात डिपार्टमेंटला द्या, सेमिस्टरच्या शेवटी सगळी एकदम घेऊन गेलात तर कोणीच ऐकत नाही. खेळाडूंसाठी ग्रेस मार्कांची सोय आहे पण ती सर्टिफिकेट आणि फॉर्म वेळेत दिले तरच, मार्क आपोआप लागत नाहीत. मॅच आणि इंटर्नल एकाच दिवशी आली तर मला किंवा सरांना कळल्या कळल्या सांगा, आदल्या रात्री नाही.

फॉर्मला काय काय लागतं?

कॉलेजचं आयडी, बारावीचं मार्कशीट, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, चालू वर्षाची फी पावती. झेरॉक्स दोन-दोन सेट. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच असू दे, वेगळं असेल तर आत्ताच सांगा. वयाची मर्यादा आहे, गॅप घेतलेल्यांनी आधी येऊन विचारा. कागद अपुरे असलेला खेळाडू उतरवला आणि समोरच्यांनी प्रोटेस्ट केला तर जिंकलेली मॅच जाते, अख्ख्या टीमची. म्हणून मी कागदांसाठी मागे लागते, वाईट वाटून घेऊ नका.

मॅचच्या दिवशी काय आणायचं?

ओरिजिनल आयडी (मोबाइलमधला फोटो चालत नाही), दोन्ही रंगांच्या जर्सी, स्टॉकिंग, शिन गार्ड, टॉवेल, कोरडे कपडे, पाणी. नखं कापून या. चेन, कडं, अंगठी, कानातलं घरी ठेवा, रेफरी टेप लावून खेळू देत नाहीत, काढायलाच लावतात. हातातला गंडा कोणाला काढायचा नसेल तर आधी सांगा, ऐनवेळी लाइनवर उभं राहून वाद नको.

खायचं काय?

मॅचच्या तीनेक तास आधी पोट भरून साधं जेवण, वरण-भात, पोळी-भाजी, इडली, काहीही जे तुम्हाला रोज पचतं. तासभर आधी केळं. मॅचच्या आधी वडापाव नाही, नंतर खुशाल खा, मीही खाते. पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालून आणा, ऑक्टोबरच्या उन्हात नुसतं पाणी पुरत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात. घरून उकडलेली अंडी, मोड आलेली उसळ, शेंगदाणा-गुळाचा लाडू आणलात तर प्रॅक्टिसनंतर तेवढं भरपूर झालं, प्रोटीनच्या डब्यावर पैसे घालवायची गरज नाही.

वॉर्मअपला एवढा वेळ का घालवतो आपण?

वीस मिनिटं. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा प्रोग्राम आहे, आधी आठ मिनिटं हळू धावणं आणि हालचाली, मग दहा मिनिटं ताकद आणि बॅलन्स, शेवटी दोन मिनिटं जोरात धावणं. नीट आणि नियमित केला तर दुखापती खरंच कमी होतात, यावर बराच अभ्यास झालाय. त्यात उडी मारून उतरताना गुडघा आत वळू द्यायचा नाही हे शिकवतात, आणि मुलींनी तर हे फारच मनावर घ्या कारण गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटायचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. ते तुटलं की नऊ महिने ते वर्ष जातं. वीस मिनिटं त्यापुढे काहीच नाहीत.

लागलं तर?

मुरगळलं तर थांबा, बर्फ कापडात गुंडाळून, पट्टी, पाय वर. तेल लावून चोळू नका, आजीने सांगितलं तरी पहिले दोन दिवस नाही. पायावर वजनच टाकता येत नसेल तर एक्स-रे. डोक्याला मार लागला, चक्कर आली, समोरचं दोन-दोन दिसलं, स्कोअर आठवत नाही, यातलं काहीही झालं तर त्या दिवशी परत ग्राउंडवर जायचं नाही, फायनल असली तरी नाही. हा निर्णय खेळाडूचा नसतो.

मला वर्षभर बेंचवरच बसवलं तर?

असं होऊ शकतं, आणि वाईट वाटतं, ते वाटू नये असं मी सांगणार नाही. आपण लिस्टमध्ये १८ जण घेतो, अकरा खेळतात, बाकीचे वाट बघतात. पण प्रॅक्टिस मॅच अकरा विरुद्ध सात अशी होत नाही ना. मागच्या वर्षी आपला डिफेन्स चांगला खेळला त्याचं एक मोठं कारण म्हणजे रोज सकाळी त्यांच्यासमोर आपलेच दोन बेंचवरचे विंगर होते, ज्यांनी त्यांना तीन महिने सुखाने उभं राहू दिलं नाही. सर मॅचनंतर सगळ्यांसमोर ते बोलले. त्यातला एक या वर्षी कॅप्टन आहे. आपल्याला का खेळवत नाहीत हे सरांना सरळ जाऊन विचारा, प्रॅक्टिसनंतर, एकटे. ते सांगतात, आणि नेमकं सांगतात, ‘डावा पाय वापर’, ‘मागे येत नाहीस’ असं. आईबाबांकडून फोन करायला लावू नका.

मुलींची टीम खरंच आहे का? कधीच खेळले नसेन तर?

आहे! आणि कधीच न खेळलेल्यांनी तर नक्की या. खोखो, कबड्डी, ॲथलेटिक्स, हँडबॉल, काहीही खेळलेलं असेल तर पायात वेग असतोच, बॉल शिकवता येतो. आमची बेस्ट मिडफिल्डर शाळेत खोखो खेळायची, ती दिशा बदलते ना तेव्हा समोरचीला कळतच नाही. लागते ती चिकाटी, कारण मुलींच्या टीमला मॅचेस कमी मिळतात, ग्राउंडही शेवटी मिळतं, आणि त्यासाठी मी दरवर्षी जाऊन बोलते आणि बोलत राहणार. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. त्या पोरी आपल्यापेक्षा लहान होत्या. २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून एशियन कपमध्ये जागा मिळवली. आता मुली फुटबॉल खेळतात का हा प्रश्न राहिलेला नाहीये.

कपडे बदलायची जागा, पिरियड्स, घरची परवानगी, असं काही असेल तर थेट मला सांगा, ग्रुपवर लिहायची गरज नाही.

मुंबई तर क्रिकेटची, इथे फुटबॉलला कोण विचारतं?

हे ऐकलं की मला राग येतो. रोव्हर्स कप ही फुटबॉलची स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली, बरीच वर्षं ब्रिटिश पलटणींच्या टीम जिंकत होत्या, १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स ही ती जिंकणारी पहिली भारतीय टीम. कूपरेजला लोक तिकीट काढून यायचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई, भारत ती मॅच ४-२ जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. ते मुंबईत टाटा आणि कॅलटेक्सकडून खेळायचे, आज वांद्रे रेक्लमेशनचं ग्राउंड त्यांच्या नावाने आहे. महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये नॅशनल लीग जिंकली आणि २०१० ला क्लबच बंद झाला, हे दुःख जुन्या लोकांना अजून आहे. मुंबई सिटी क्लबने २०२०-२१ मध्ये आयएसएल या देशातल्या लीगची शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि कप (फायनल जिंकल्यावरचा) दोन्ही जिंकले. अंधेरीला त्यांची मॅच असली की आपण एकत्र जातो, स्टँडमध्ये बसून त्यांचा फुलबॅक कधी वर जातो तेवढंच बघायचं, टीव्हीवर ते दिसत नाही.

क्लबकडून खेळलो तर कॉलेजकडून खेळता येतं?

येतं. मुंबईतल्या डिव्हिजनवाल्या लीग खेळणारे आपल्याकडे आहेत (जुने लोक तिला अजून एमडीएफएची, म्हणजे मुंबई डिस्ट्रिक्ट फुटबॉल असोसिएशनची लीगच म्हणतात). फक्त दोन्हीकडच्या तारखा आधी सांगा, आणि सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे अशा एका दिवसात दोन मॅच खेळू नका. पाय तुमचेच आहेत.

यातून पुढे काय? (आईबाबांचा प्रश्न)

काका-काकू, खरं सांगायचं तर बहुतेक जण प्रोफेशनल होत नाहीत. इंटरकॉलेजिएटमध्ये चांगलं खेळलं तर युनिव्हर्सिटी टीमच्या कॅम्पला बोलावतात, तिथून वेस्ट झोन, तिथे टीम वर आली तर ऑल इंडिया, मुलांच्या त्या ट्रॉफीला सर आशुतोष मुखर्जींचं नाव आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत स्पोर्ट्स कोटा आहे, पण त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धा आणि मेडल लागतात, नुसत्या कॉलेजच्या सर्टिफिकेटवर मिळत नाही. काही जण रेफरीचा कोर्स करतात, काही कोचिंगचं लायसन्स, आपला एक सिनियर फिजिओथेरपीला गेला.

अभ्यासावर परिणाम होईल का? (आईबाबांचाच)

पहिल्या सेमला थोडी धावपळ होते. पण साडेआठला प्रॅक्टिस संपते आणि पोरं थेट लेक्चरला बसतात, रात्री लवकर झोपतात, मोबाइल आपोआप कमी होतो. परीक्षेच्या आधी दोन आठवडे प्रॅक्टिस ऐच्छिक असते. केटी लागलेल्यांशी (विषय राहिलेल्यांशी) सर स्वतः बोलतात. तरी काळजी वाटली तर एकदा सकाळी ग्राउंडवर येऊन बघून जा.

खर्च किती येतो?

बूट, शिन गार्ड, स्टॉकिंग तुमचे. जर्सी, बॉल, एंट्री फी कॉलेजची. ज्यांना बूट परवडत नाहीत त्यांच्यासाठी पास होऊन गेलेल्या सिनियर्सचे बूट जिमखान्याच्या कपाटात आहेत, साइज सांगा, कोणाला कळणार नाही.

रेफरीने चुकीचा निर्णय दिला तर?

फक्त कॅप्टन बोलणार, हात मागे ठेवून. बाकीच्यांनी आपल्या जागेवर जायचं. मागे एका मॅचला आपला सरळ गोल ऑफसाइड दिला, सगळ्यांना दिसत होतं, पण पाच जण रेफरीभोवती गोळा झाले तेवढ्यात समोरच्यांनी पटकन फ्रीकिक घेतली आणि आपल्या हाफमध्ये डिफेन्सच नव्हता. गोल खाल्ला. लेखी तक्रार करायची असेल तर ती मॅनेजर करतो, त्याची पद्धत आहे, वेळेची मर्यादा आहे, ते माझ्यावर सोडा.

खेळत नाही, पण मॅच बघायला येऊ का?

प्लीज या. पहिल्या राउंडला बघायला कोणी नसतं, आणि दहा जण जरी नाव घेऊन ओरडले तरी शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलले जातात. कूपरेज चर्चगेटहून ओव्हलच्या बाजूने चालत पंधराएक मिनिटं. दुसरं ग्राउंड असेल तर पत्ता आदल्या दिवशी ग्रुपवर टाकते. आयडी ठेवा, समोरच्या टीमला शिव्या नाहीत, आणि येताना बर्फ आणू शकलात तर आणा, आपला नेहमी कमी पडतो.